मिठावर पडलेला पाऊस

माघ सरत आला की आमच्या ठाण्याच्या खाडीकाठी पांढरं दिसू लागतं. आधी चार-दोन ठिपके, मग रांगच्या रांग. मिठाच्या राशी त्या. ऊन चढलं की त्यांच्याकडे बघवत नाही, डोळे दिपतात. दर वर्षी पहिली रास दिसली की मी हातातलं काम टाकते आणि परसदारच्या पायरीवर जाऊन उभी राहते. सून हसते. "आमच्या सासूबाईंना मीठ दिसलं हो," असं शेजारणीला मुद्दाम मोठ्यानं सांगते. दिसलं तर दिसलं! कुणाला मोगरा फुललेला दिसतो, कुणाला आंब्याचा मोहोर दिसतो, मला मीठ दिसतं.

या वर्षी माझ्याबरोबर त्या पायरीवर वहिनीही होत्या. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. इंदापुराकडच्या आमच्या खेड्यातून इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच माझ्या घरी राहायला आल्या. आल्या दिवसापासून त्यांचं एकच चाललेलं. इथला वारा चिकट आहे. पापड सादळतात. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. डास तर काय, पाहुणा आलेला ओळखून चावतात. मी सगळं ऐकून घेत होते, कारण हे सगळं मी स्वतः एके काळी याहून चढ्या आवाजात बोललेली आहे. पण चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "वन्सं, रागावू नका हं. तुमच्या यजमानांना पुण्याची बदली मिळत होती, तीसुद्धा तुम्ही हट्टानं मोडायला लावलीत. या खारट गावात तुम्हांला एवढं काय सापडलं?"

राग तर आलाच. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही आमचा मासुंदा तलाव तरी नीट पाहिलात का?"

"पाहिला की, येताना टांग्यातून. पाणी आहे."

पाणी आहे! सकाळी सूर्य वर आला की कौपिनेश्वराच्या घंटेबरोबर त्या पाण्यावरून बगळ्यांची ओळ उठते. काठावर धुणं आपटणाऱ्या बायका एकमेकींच्या सुनांचे वाभाडे काढत असतात आणि त्याच सुना पलीकडच्या पायरीवर सासवांचे काढत असतात. हे सगळं वहिनींना नुसतं पाणी दिसलं. बरं, तलाव जाऊ द्या. येऊरच्या डोंगरातून ठाकरणी रानभाज्या घेऊन उतरतात. कल्याणाकडून नव्या तांदळाचे पडाव खाडीनं येतात. त्या तांदळाचा भात शिजत असला की गल्लीच्या टोकाला कळतं, आज कुणाकडे नवा भात आहे. इथं एका आळीत वकील राहतो, दुसरीत कोळी. एकीकडे शनिवारी घाणा बंद ठेवणारे यहुदी तेली, तर दुसरीकडे रविवारी देवळात जाणारे किरिस्ताव. भांडणं म्हणाल तर रोज एक, पण भांडणारी माणसं संध्याकाळी एकाच कट्ट्यावर बसलेली. आगगाडी येऊन दोन पिढ्या उलटल्या, तरी खाडीवरच्या पुलावरून ती गेली की आमचे म्हातारे अजून मान वळवून बघतात. जणू ती यांनीच ढकलत आणली आहे.

"असेल," वहिनी म्हणाल्या, "पण तलाव पुण्यालाही आहे, तांदूळही मिळतो."

मग माझ्या ध्यानात आलं की मी उगाच गावाची वकिली करत बसले आहे. माणूस एखाद्या गावावर जीव टाकतो तो त्या गावातल्या तळ्यासाठी नव्हे. माझं कारण निराळंच आहे, आणि ते ऐकण्याचा खरा हक्क या वहिनींचाच आहे. मी त्यांना खाली बसवलं आणि ज्या वर्षी लग्न होऊन आले त्या वर्षीच्या मिठाची गोष्ट सांगितली.

मी आले तेव्हा चौदा वर्षांची होते. घाट उतरून आगगाडी खाली आली, कल्याण गेलं, पारसिकच्या डोंगराशी वळण घेतलं आणि खिडकीतून पाहते तो खाडी. एवढं पाणी! आमच्याकडे वाटीभर पाण्यासाठी बायका वाट बघायच्या आणि इथं हे पाणी कुणी न विचारता लोळत पडलेलं. मी म्हटलं, देवा, या लोकांना काही कमी नाही. घरी पोचल्यावर घोट घेतला तेव्हा कळलं, विहिरीचं पाणीसुद्धा मचूळ आहे. पहिले चार महिने मी रडले. रोज भात. भाकरीशिवाय पोट भरत नसे. वालाच्या बिरड्याचे दाणे सोलता सोलता नखं दुखून येत आणि मनात येई, ज्या गावात डाळिंब्या सोलण्यात बायकांची दुपार जाते, त्या गावाचं काय भलं होणार? आमच्या सासूबाई कडक. मी रडले की त्या म्हणत, "रड हो, पण कोपऱ्यात रड. वाटेत बसू नकोस."

त्या घरात माझ्याशी हसून बोलणारी एकच बाई होती आणि ती घरातली नव्हती. खाडीपलीकडच्या मिठागरातली चांगुणा. आठवड्यातून एकदा डोक्यावर पाटी घेऊन ती परसदारी येई आणि मीठ देई. काळीसावळी, उंच, गुडघ्यापर्यंत घट्ट कासोटा आणि पिंढऱ्यांवर मिठाचे पांढरे ओघळ. तिची बोली मला मोठी गमतीची वाटे. ती 'पडला'ला 'परला' म्हणे. मी हसले की तीही हसे आणि म्हणे, "तू घाटावरची, तुना काय कलतंय गो!" त्या काळी ती ओटीवर चढत नसे आणि आम्ही तिला चढ म्हणत नसू. सुपात मीठसुद्धा ती वरून ओतायची. आज ते आठवलं की लाज वाटते. पण तेव्हा मला एवढंच कळे की चांगुणा आली की माझा दिवस बरा जातो.

मीठ कसं होतं ते तिनंच मला सांगितलं. मला वाटायचं, समुद्र आटला की मीठ उरतं, त्यात माणसाचं काय काम? ती कपाळावर हात मारून हसली. दिवाळीनंतर चिखलाचे वाफे आधी पायांनी तुडवायचे. घरातले, शेजारचे, सगळे एका ओळीत, एका तालात, दिवसचे दिवस. जमीन दगडासारखी होईपर्यंत. मग पुनवेच्या नाहीतर अवसेच्या उधाणाचं पाणी आत घ्यायचं, बांध घालायचा, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवायचं. पायांच्या भेगांत खारं पाणी जाऊन रात्रंदिवस चुणचुणतं. मग कुठे माघात पाण्यावर साय धरल्यासारखं मीठ धरतं. "पोरीवानी जपावा लागतंय," चांगुणा म्हणाली. तिची पोर सोनी माझ्याच वयाची होती. तिचं लग्न ठरलेलं. "मीट उचलला का चैतान सोनीचा लगीन. तू ये गो नवरे, तुज्या सासूला मी इचारीन." चिखल तुडवण्यापासून सोनीच्या हळदीपर्यंत सगळं त्या एका मिठावर उभं होतं.

त्याच वर्षी देशावर, म्हणजे घाटावरच्या आमच्या मुलखात, पाऊस झाला नव्हता.

वहिनी इथं हलल्या. त्या वर्षी त्याही नव्या नवरीच होत्या, माझ्या माहेरी. मी इथं भात खाऊन रडत होते आणि त्या तिथं माझ्या आईबरोबर विहिरीत उतरून वाटीनं घागर भरत होत्या. त्या वर्षाबद्दल आम्ही दोघी कधीच बोललो नव्हतो.

वडिलांचं पत्र महिन्याला येई. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, म्हणून आमची स्वारी कचेरीतून आली की ओटीवर बसून मला वाचून दाखवी. माघातलं पत्र चांगलं दोन्ही बाजूंनी लिहिलेलं होतं आणि स्वारीनं ते चार वाक्यांत संपवलं. सगळे खुशाल आहेत, तू काळजी करू नये, सासूबाईंची सेवा करावी, आशीर्वाद. मी म्हटलं, "एवढंच? मग मागच्या बाजूला काय आहे?" स्वारी पागोटं काढायच्या निमित्तानं तोंड फिरवून म्हणाली, "मागे पत्ता आहे." पानभर पत्ता कसा असेल? मला अक्षर येत नव्हतं, पण मी काही खुळी नव्हते. मी हटूनच बसले तेव्हा हळूहळू एकेक बाहेर आलं. बैल गेले. ज्वारी पेरली तशी मातीत राहिली. आईनं दिवसातून एकदा जेवायचं ठरवलं आहे. नवी सून पोर आहे म्हणून तिला दोनदा देतात.

"तिसऱ्या महिन्यात तेही एकदाच झालं," वहिनी हलकेच म्हणाल्या.

मी चौदा वर्षांची मुलगी. माझ्या हातात काय होतं? माहेरहून पाठवणीत दिलेली अन्नपूर्णा होती. बोटाएवढी पितळेची. आमच्याकडे संकट आलं की देव पाण्यात ठेवत. ते टळेपर्यंत काढत नसत. दुसऱ्या दिवशी मी तिला देवघरातून उचलली, तांब्याच्या गडूत पाणी भरून त्यात ठेवली आणि गडू तांदळाच्या पिंपामागे सरकवला. स्वारी पूजा करी ती कचेरीची घाई डोक्यात ठेवून. देव एक कमी झाला काय नि दोन जास्त झाले काय, त्यांना सगळ्यांवर एकच पळी. मी रोज अंघोळ झाली की पिंपामागे जाऊन हात जोडायची. म्हणायची, "आई, पाऊस पाड. पाऊस पडेपर्यंत तुला काढायची नाही."

फाल्गुन लागला. होळीला आठ-दहा दिवस असतील. तिसऱ्या प्रहरी मी धान्य निवडत बसले होते आणि एकाएकी अंधारून आलं. पत्र्याच्या डब्यावर खडे पडावेत तसा आवाज झाला आणि सरी सुरू झाल्या. मी सूप टाकलं आणि अंगणात धावले. आला! आला! मी टाळ्या वाजवल्या, गिरक्या घेतल्या. पदर कुठे, डोकं कुठे, मला शुद्ध नव्हती. देवी पावली! पाऊस पडला म्हणजे पाऊस पडला, तो इथं पडला आणि तिथं नाही हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आमच्याकडे आभाळ भरलं की सगळं गाव बाहेर येऊन हसतं. मी हसत हसत वर पाहिलं तर आळीतल्या सगळ्या बायका दारादारांत उभ्या होत्या आणि एकही हसत नव्हती. सासूबाई खांबाला धरून उभ्या होत्या. त्या ओरडल्यासुद्धा नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, मीठ गेलं की गं त्यांचं."

पाऊस घटकाभर पडला आणि थांबला. तेवढ्यात चार महिन्यांचं मीठ पाणी होऊन खाडीला मिळालं.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. चांगुणेचा वार आला नि गेला, ती आली नाही. मला पक्कं ठाऊक होतं हे कुणी केलं. मी देवीला पाऊस पाड म्हटलं, पण कुठे पाड ते सांगितलंच नव्हतं. ती बिचारी माझ्यासारखीच ठाण्यात नवी. तिला इथलं आभाळ सापडलं, इथंच पाडून मोकळी झाली. हसू नका. आज मला चार बुकं वाचता येतात, तरी ते आठवलं की क्षणभर मला ते खरंच वाटतं. आणि खरी पंचाईत पुढेच होती. देवीला पाण्यातून काढावी, तर तिकडे आई उपाशी. न काढावी, तर पुन्हा पाऊस येईल आणि चांगुणा पुन्हा जे काय धरील तेही धुऊन नेईल, सोनीचं लग्न राहील. मी पिंपामागे जायची, गडूत बोटं घालायची, देवीला धरायची आणि परत सोडायची. दिवसातून दहादा. जेवण जाईना. स्वारीला वाटलं, हिला माहेरची आठवण येते. आठवण कसली डोंबलाची, मी दोन घरांच्या मधे उभी होते आणि दोन्हीकडे माझ्या हातून वाईट होत होतं.

शेवटी सासूबाईंनी पिंपातून तांदूळ काढता काढता मला तिथं पकडलं. गडू बघितला, मला बघितलं. मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता पाठीत बसणार. त्यांनी पिंपावर झाकण ठेवलं. मग म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग? जिचं गेलं तिला सांग. चल." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बरोबर घेतलं, होडीनं खाडी ओलांडली आणि आम्ही मिठागराच्या बांधावर जाऊन उभ्या राहिलो. आमच्या घरच्या बायका कधी अशा गेल्या नव्हत्या. सासूबाईंनी लोक काय म्हणतील याचा विचार केला असेल, पण मला तो दिसू दिला नाही.

वाफ्यात चिखल झाला होता आणि त्या चिखलात पंधरा-वीस माणसं एका ओळीत उभी राहून पुन्हा तुडवत होती. दिवाळीनंतर केलेलं सगळं पहिल्यापासून. सगळे पाय एकदम उठत, एकदम पडत. धप. धप. कुणी कपाळ बडवत बसलेलं नव्हतं. मधे चांगुणा होती, तिच्या शेजारी सोनी. आम्हांला पाहून चांगुणा ओळीतून बाहेर आली, गुडघ्यापर्यंत चिखल. "काय गो नवरे, कनाला आलास उन्हातान्हाची?"

मग एकदम सगळं बाहेर पडलं. माझ्या माहेरी दुष्काळ आहे, मी देवी पाण्यात ठेवली, पाऊस मी मागितला, तुझं मीठ माझ्यामुळे गेलं, देवी अजून पाण्यातच आहे, तू सांग, तू म्हणशील तर आजच्या आज काढते. मी हुंदके देत होते. मागची माणसं थांबून बघत होती.

चांगुणेनं सगळं ऐकून घेतलं. हात वर केला, माझे डोळे पुसायला असेल, पण चिखलानं भरलेला होता म्हणून परत खाली घेतला. आणि तिनं मला विचारलं ते एवढंच.

"माहेराला परला का पाऊस?"

मी मान हलवली. नाही.

"मंग कारू नको गो," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे तिला पान्यान. फकस्त तिला नीट सांग, घाटावर पारायचा म्हनून. आमी काय, परत तुरवू." एवढं बोलून ती वळली आणि ओळीत आपल्या जागी जाऊन उभी राहिली. सोनीनं तिचा हात धरला. पाय पुन्हा उठू लागले.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी तोंड खाडीकडे केलं होतं. घरी येऊन मी अन्नपूर्णेला गावाचं नाव, तालुका, आमच्या मळ्याची खूण, सगळं तपशिलानं सांगितलं आणि गडू तिथंच ठेवला. पाऊस काही फाल्गुनात आला नाही, तो पुढे ज्येष्ठातच आला. इकडे चैत्र-वैशाखात ऊन कडक पडलं, थोडंफार मीठ धरलं आणि सोनीचं लग्न अक्षय्य तृतीयेला झालं. पण ते पुढचं. मी ठाण्याची झाले ती त्याच सकाळी, त्या बांधावर. जिचं सगळं पावसानं नेलं होतं, ती मला म्हणाली होती की पाऊस मागायचं सोडू नको. अशी माणसं जिथं राहतात ते गाव सोडून मी पुण्याला जाऊ? कशासाठी? गोड्या पाण्यासाठी?

एवढं सांगून मी थांबले. ऊन पायरीपर्यंत आलं होतं. वहिनी गुडघ्यांभोवती हात घालून खाडीकडे बघत होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, पण डास फार आहेत हो.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "त्या वर्षी आम्हांला वाटायचं, देवाला सोडा, माणसालासुद्धा आमची आठवण उरलेली नाही. आमच्या सासूबाई, तुमच्या आई, रोज म्हणायच्या, कुणी तरी असेल गं कुठे तरी आपल्यासाठी मागणारं. मी मनात म्हणायची, कोण असणार?" पदरानं नाक पुसून त्यांनी विचारलं, "आहे का हो ती बाई अजून?"

"आहे की. थकली आहे. आगर आता सोनीचे मुलगे बघतात. ती आपली बांधावर बसून त्यांना शिव्या देते."

वहिनी उठल्या. गुडघे दुखतात म्हणून चार दिवस त्या तलावापर्यंतसुद्धा चालल्या नव्हत्या. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "होडी कुठून मिळते?"